आमचे साडू आणि पाचव्या प्रतीचा तारा

आमच्या घरात माझ्याआधी कोणी मान वर करून आकाश बघितल्याचं मला माहीत नाही. सोलापुरात वडील मागावर होते, त्यांचे डोळे धाग्यावर. आई दारात मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची, तिचे डोळे तंबाखूवर. एका खोलीत आम्ही पाच जण, आणि त्या खोलीची एकुलती एक खिडकी समोरच्या भिंतीकडे तोंड करून. पुढे वडील चालताना दाराच्या चौकटीला, उभ्या सायकलींना, येणाऱ्याजाणाऱ्या माणसांना धडकायला लागले. लोक म्हणायचे, पिऊन येतो. वडिलांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. समोरचा धागा स्वच्छ दिसत होता, म्हणून डोळ्यांत काही बिघाड असेल असं त्यांच्याही मनात आलं नाही, आणि आलं तेव्हा धागाही दिसेनासा झाला होता. मग घर आईच्या विड्यांवर चाललं आणि त्याच विड्यांवर मी बी.एस्सी. झालो. केमिस्ट्री, पहिला वर्ग. आमच्या गल्लीतून कॉलेजची पायरी चढलेला आणि पदवी घेऊनच उतरलेला पहिला माणूस मी. हे सांगताना मला कधी संकोच वाटला नाही, आजही वाटत नाही.

अशा घरातून आलेल्या माणसाला दर हिवाळ्यात वाळवंटात उताणं पाडून एका मिणमिणत्या ताऱ्याकडे बघायला लावणारे गृहस्थ म्हणजे माझे थोरले साडू. उभ्या कुवेतमध्ये त्यांच्याइतका संशयी माणूस झाला नाही. ते मूळचे नाशिकचे. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट इंजिनियर होते. इराकबरोबरच्या लढाईच्या आधीपासून तिथे होते, लढाईत सगळं सोडून पळाले आणि तेलविहिरींच्या आगी विझल्यावर पुन्हा परत आले. पुढे मलाही त्यांनीच बोलावून घेतलं, रिफायनरीच्या लॅबमध्ये चिकटवलं आणि अबू हलीफात स्वतःच्याच इमारतीत, स्वतःच्याच डोक्यावरचा फ्लॅट बघून दिला. दाब, तापमान, टाकीतली पातळी दाखवणारी यंत्रं खरं बोलतात की खोटं, हे बघायचं त्यांचं काम. हे काम त्यांनी गेटच्या आत ठेवलं असतं तर आम्हां सगळ्यांचे दिवस सुखात गेले असते. पण काटा असलेली कुठलीही वस्तू दिसली की त्यांचं नख आधी तिच्या काचेवर जायचं. टक टक. आमच्या खालच्या बकाल्यातला, म्हणजे किराणा दुकानातला, मल्याळी दुकानदार त्यांना लांबून येताना बघूनच वजनकाटा शून्यावर आणून ठेवायचा, तरी हे टक टक करायचेच. दवाखान्यात ब्लडप्रेशरच्या यंत्रावर टक टक. सासुरवाडीच्या भिंतीवरच्या घड्याळावर तर त्यांनी लग्नाच्या दिवशी, मुंडावळ्या बांधलेल्या असताना, पाटावर चढून टक टक केली होती, असं माझी बायको शपथेवर सांगते.

जेवायला आले की आणखी वैताग. आमटी तोंडात घातल्यावर ते काही बोलायचे नाहीत. मला आणि बायकोला वेगवेगळ्या खोलीत पाठवून एकेक चमचा चाखायला लावायचे. "एकमेकांशी बोलायचं नाही. मीठ किती, ते दहापैकी सांगा." आमची रीडिंग जुळली तरच ते मत द्यायचे, आणि तोपर्यंत आमटी गार व्हायची. मी लॅबमध्ये दिवसभर हेच करून आलेला असायचो. बारा तासांच्या शिफ्टनंतर घरी आलेल्या माणसाला पुन्हा सॅम्पल तपासायला लावणं हा अत्याचार आहे, असं मी एकदा त्यांना सरळ सांगितलं. ते म्हणाले, "म्हणूनच तुला विचारतो. बाकीचे लोक मला बरं वाटावं म्हणून सांगतात."

त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी रिफायनरीतल्या प्रत्येक नव्या माणसाला, घरातल्या प्रत्येक पाहुण्याला आणि स्वतःच्या मुलीला तिसरीत असल्यापासून ऐकवला होता. रीडिंग विचित्र आलं तर पहिला संशय सेन्सरवर घ्यायचा. सेन्सर ठीक निघाला तर मधल्या लाइनवर. आणि अगदी शेवटी प्रोसेसवर, म्हणजे टाकीत खरंच काही झालंय का यावर. "नवशिका उलटा जातो," ते म्हणायचे. "काटा हलला की तो टाकीकडे धावतो. अरे, आधी काटा बघ." हा नियम त्यांनी संसारालाही लावला. त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या मेव्हणीला, आम्ही सगळे ताई म्हणतो. ताई स्वयंपाकघरातून तिसऱ्यांदा हाक मारून चिडून बाहेर आल्या की हे शांतपणे आधी स्वतःचे कान तपासायचे, मग पॅसेजमधला एसीचा आवाज ऐकायचे, आणि मग म्हणायचे, "आता शेवटचा संशय तुझ्या हाक मारण्यावर."

"म्हणजे मी टाकी का?" ताई विचारायच्या.

"टाकी नाही गं. प्रोसेस."

"काय असेल ते असेल. कुकरच्या शिट्ट्या मोजा म्हटलं होतं, ती प्रोसेस करपली."

आणि धांदरट तरी किती! टीपॉयच्या कोपऱ्याला गुडघा, दाराला खांदा, पार्किंगच्या खांबाला गाडी. त्यांच्या पांढऱ्या गाडीच्या उजव्या अंगावर आमच्या इमारतीच्या खांबांचा पिवळा रंग कायमचा लागलेला होता. "बाबा, यू आर होपलेस," मुलगी म्हणायची. आम्ही हसायचो. तेही हसायचे. एवढ्या बारकाईने काटे बघणाऱ्याला टीपॉय दिसत नाही, याची आमच्या घरात चेष्टा ठरलेली होती.

आता ताऱ्याविषयी. तो त्यांचा होता, म्हणजे त्यांनी तो पाळला होता म्हणा ना. हिवाळ्यात संध्याकाळी ब्रह्महृदय नावाचा ठळक पिवळसर तारा वर येतो. त्याच्यापासून रोहिणीच्या बाजूला थोडं उतरलं की एक पांढरा ठिपका. आपल्याकडे त्याला नाव नाही. पाचव्या प्रतीचा, म्हणजे साध्या डोळ्यांना जेमतेम दिसेल असा, तोही आकाश स्वच्छ असेल तर. कुवेतचं आकाश एका बाजूने धुळीचं आणि दुसऱ्या बाजूने रिफायनरीच्या ज्वाळांनी तांबूस झालेलं. मी पहिल्याच वर्षी विचारलं, "दादा, एवढे टपोरे तारे सोडून हा अंधुकच का?"

गाडी चालवता चालवता त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "अंधुक म्हणू नकोस. लांब आहे तो. दीडशे प्रकाशवर्षांच्या पलीकडे. आपल्या सूर्याच्या वीसपटीहून जास्त उजेड आहे त्याचा. नऊ हजार अंशांच्या वर तापलाय, म्हणून पांढरा. तुझा सूर्य साडेपाच हजार, म्हणून पिवळा."

"माझा कशाला? सगळ्यांचा आहे."

"त्या तुझ्या सूर्याला तिथं नेऊन ठेव, आणि मग दुर्बीण घेऊन शोधत बस."

मला ताऱ्याचं एवढं कौतुक नव्हतं, पण ते हे ज्या मायेने सांगत त्याचं नवल वाटे. आपल्या पोराला कमी मार्क पडले की आई जशी शेजारणीला समजावते, तसे ते त्या ताऱ्याची बाजू घ्यायचे. आणि तो निवडण्यामागे त्यांचं खास इन्स्ट्रुमेंटवाल्याचं कारणही होतं. कंपनीत दर वर्षी डोळे तपासायचे, तो तक्ता त्यांना पाठ झाला होता. खालच्या ओळीपासून वरपर्यंत उलटाही म्हणून दाखवायचे. "पाठ झालेल्या तक्त्यावर कसली परीक्षा?" ते म्हणत. "आणि ठळक तारा बघून डोळ्याचं काय कळतं? गेज भरलेल्या टाकीवर तपासत नाहीत. खाली, जिथं काटा जेमतेम हलतो, तिथं तपासतात." दर हिवाळ्यात एकदा तो तारा दिसला, की त्यांच्या लेखी त्यांचे डोळे आणखी एक वर्ष पास. त्यांना टॉवरच्या शिड्या चढून उंचावरची यंत्रं बघावी लागायची. डोळे पास म्हणजे नोकरी, नोकरी म्हणजे इकामा, तिथे राहायचा परवाना, आणि इकामा आहे तोवर मुलीची शाळा. हे सगळं त्यांनी त्या बिचाऱ्या ठिपक्यावर टांगून ठेवलं होतं.

या वार्षिक परीक्षेला ते एकटे गेले असते तर माझी तक्रार नव्हती. पण दोन माणसांचं रीडिंग हवं! म्हणून ते मराठी मंडळाची हिवाळी सहलच तिथे न्यायचे. अमावास्येच्या जवळचा गुरुवार, कारण त्या काळी तिथे गुरुवार-शुक्रवार सुट्टी. वाळवंटात वफ्रा गावाच्या वाटेवर, डांबरी रस्ता सोडून दहा पावलांवर, कारण लढाईतले सुरुंग कुठे राहिलेत कोणी सांगावं. ज्वाळांकडे पाठ करून सतरंज्या. गाडीचं दार उघडायला बंदी, आतला दिवा लागतो. विजेरीला लाल जिलेटिन. आणि सगळ्यांत कडक नियम असा, की तारा दिसल्याशिवाय जेवणाचे डबे उघडायचे नाहीत, "नाहीतर लक्ष डब्यात जातं." थंडीत कुडकुडत, पुऱ्यांचा वास घेत बसलेले इंजिनियर, नर्स, अकाउंटंट हळूहळू शरण यायचे. "दिसला!" "मलाही दिसला!" एकदा मंडळाचे सेक्रेटरी उठून म्हणाले, "दिसला, अगदी लख्ख!"

"लख्ख?" साडूंचा आवाज अंधारातून आला. "पाचव्या प्रतीचा तारा लख्ख? साहेब, तुम्ही बहुतेक विमान बघताय."

मी मात्र कधी दिसला म्हटलं नाही, कारण तो मला कधी दिसला नाही. साडू सांगायचे, त्याच्याकडे सरळ बघू नकोस, जरा बाजूला बघ. डोळ्याचा मधला भाग अंधारात आंधळा असतो, कडेचा भाग जागा असतो. मला ते पटत नसे. बघायचं तर समोर बघावं, ही आमच्या घरची रीत. मी बराच वेळ टक लावून बघायचो आणि "नाही दिसत" म्हणून मोकळा व्हायचो. बाकीचे मला मनातून शिव्या द्यायचे आणि पुऱ्या चामट व्हायच्या. साडूंना मात्र माझं कोण कौतुक! एकदा गस्तीची पोलीस गाडी थांबली. हे लोक अंधारात आडवे पडून काय करतायत, म्हणून तरुण शिपाई उतरला. साडूंनी मोडक्यातोडक्या अरबीत त्याला तारा दाखवायला घेतला. त्याने बिचाऱ्याने बराच वेळ मान वर करून बघितलं आणि म्हणाला, "माफी." म्हणजे नाही. साडू एवढे खूश झाले, की त्याला थर्मासमधला चहा पाजला आणि माझ्याकडे बोट दाखवून हिंदीत म्हणाले, "ये और आप, दो ही सच्चे आदमी हैं."

मग तो हिवाळा आला. त्या वर्षी सहल जमलीच नाही, कारण मंडळी कंटाळली होती, खरं सांगायचं तर चामट पुऱ्यांना. आम्ही दोघेच गेलो. रिफायनरीत शटडाउन चालू होतं, मी सलग आठवडाभर जादा शिफ्ट करून आलो होतो, आणि माझ्या अंगात ताऱ्याशी भांडायचीसुद्धा ताकद नव्हती. मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, बांग होऊन तासभर झाला असेल. सतरंजीवर पडलो आणि डोळे ब्रह्महृदयावर नुसते टेकवून ठेवले, खुंटीला सदरा टांगावा तसे. काही बघायचं नव्हतं. आणि तेवढ्यात नजरेच्या कडेला, खाली, एक पांढरा ठिपका उगवला. मी चटकन तिकडे बघितलं. गेला. पुन्हा ब्रह्महृदयाकडे आलो. आला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी ओरडणारच होतो, पण शेजारून साडूंचा काही आवाज नव्हता. एरवी ते दहा मिनिटांत "आहे, आहे" म्हणून बसते व्हायचे. आज ते उठून बसले होते, चष्मा पुसत होते, पुन्हा वर बघत होते.

"धूळ आहे आज," ते म्हणाले.

धूळ नव्हती. आदल्या रात्री पाऊस शिंपडून गेला होता आणि आकाश धुतलेल्या ताटासारखं होतं.

"तुला काही दिसत नसणारच," ते म्हणाले. त्यांना तेच उत्तर हवं होतं, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. मी नाही म्हटलं असतं तर धुळीवर भागलं असतं. पण मला टीपॉय आठवला. गाडीवरचा पिवळा रंग आठवला. आणि चौकटीला धडकून कपाळ चोळत उभे राहिलेले माझे वडील आठवले, ज्यांच्याकडे बघून सगळी गल्ली हसली होती. खरं बोललो तर या माणसाची नोकरी जाईल आणि ताईंचं घर उठेल. ज्याने मला इथे आणलं, त्यालाच मी घरी पाठवणार. नाही बोललो तर काय होतं ते मी घरात बघितलं होतं.

"दिसतोय, दादा," मी म्हणालो.

"थापा मारू नकोस."

"पांढरा आहे. ब्रह्महृदयाच्या खाली. त्याच्याकडे बघितलं की जातो, ब्रह्महृदयाकडे बघितलं की येतो."

हे शेवटचं वाक्य न बघता कोणाला सुचत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? लांब कुठेतरी तंबूतल्या रेडिओवर गाणं चालू होतं. त्यांनी आणखी एकदा वर बघितलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे सेन्सर." आणि सतरंजीची घडी न घालताच उठले, खिशातून गाडीची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. त्यांनी आपली गाडी आजवर कोणाला चालवायला दिली नव्हती. घरी येईपर्यंत मी त्यांना वडिलांची गोष्ट सांगितली.

दस्मानजवळ एका दवाखान्यात आपल्याकडच्याच एक डॉक्टरीणबाई डोळे बघायच्या. त्यांच्याकडे मी त्यांना घेऊन गेलो. बाईंनी तक्ता लावला. साडूंनी तो धडाधड वाचला. "काका, नजर उत्तम आहे," बाई म्हणाल्या.

"मधली आहे. कडेची बघा."

"कडेचं काही जाणवतंय का?"

"एक तारा हरवलाय," साडू म्हणाले. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

मग एका भांड्यासारख्या यंत्रात त्यांना तोंड घालून बसवलं. मध्ये बघत राहायचं आणि कडेला पांढरा ठिपका चमकला की बटण दाबायचं. बसण्याआधी त्यांनी यंत्रावर टक टक केलीच. "काका, ते नाजूक आहे हो!" बाई ओरडल्या. बाहेर आले तेव्हा घाम फुटला होता. मला म्हणाले, "यंत्राचा आवाज येत होता रे. आवाज येतो, म्हणजे ठिपका पडलाय. पण मला दिसतच नव्हता. कितीतरी वेळा."

काचबिंदू निघाला. आतला दाब वाढून कडेची नजर खात खात मध्याकडे चालला होता. बाई म्हणाल्या, "गेलंय ते परत येणार नाही. पण राहिलंय ते थेंबांवर राखता येईल, रोज घातलेत तर. लोक माझ्याकडे येतात ते सगळं संपल्यावर. तुम्ही इतक्या लवकर कसे आलात?"

साडूंनी अंगठ्याने माझ्याकडे दाखवलं. "यानं रीडिंग बरोबर दिलं."

ऑफिसात त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. मला वाटलं, गेली नोकरी. पण त्यांच्या मुदीरने, म्हणजे साहेबाने, शिड्या बंद केल्या आणि त्यांना वर्कशॉपमध्ये बसवलं. टेबलावर आणलेली यंत्रं तपासायची. कमीपणाचं काम आहे, असं ते पहिले काही महिने म्हणत होते. चिडचिडे झाले होते. गाडी ताईंनी शिकून घेतली आणि पिवळा रंग बंद झाला. थेंब घालायचा कार्यक्रम मात्र पूर्वीच्याच थाटात. सकाळी ताई, संध्याकाळी मुलगी, आणि थेंब नक्की डोळ्यात पडला की गालावर ओघळला, याची दुसऱ्या माणसाकडून खातरजमा. दुसरा माणूस घरात नसला की जिन्यावरून मला हाक. "रीडिंग घ्यायला ये!" मी लुंगीवर खाली जायचो, त्यांच्या डोळ्यात वाकून बघायचो आणि थकलेल्या आवाजात म्हणायचो, "पडला, दादा."

तारा त्यांना पुन्हा दिसला नाही. तरी दर हिवाळ्यात आम्ही जात राहिलो, मी गाडी चालवायचो. ते सतरंजीवर बसायचे, डोळे मिटूनसुद्धा, आणि मला विचारायचे, "आहे?" मी आधी ब्रह्महृदयाकडे बघायचो, मग "आहे" म्हणायचो. एवढ्यावर त्यांचं समाधान व्हायचं. मग डबा उघडायचा. पुऱ्या अजून मऊ असायच्या, आणि मला त्यामुळे उगाच चुकल्यासारखं वाटायचं.

वयाची साठ वर्षं पुरी होईपर्यंत त्यांनी वर्कशॉपमध्ये काम केलं आणि मग ताईंना घेऊन नाशिकला परत गेले. आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये आता एक केरळी कुटुंब राहतं, शांत माणसं आहेत, कोणी कशावर टकटक करत नाही. मी घरी येतो, जेवतो, मीठ कमी असलं तरी न बोलता खातो. बायको म्हणते, भावोजी इथे असते तर बोलले असते. गेल्या वर्षी त्यांची मुलगी पुण्याला आर्किटेक्ट झाली. पदवीदानाला मी सुट्टी काढून गेलो होतो. आम्हांला अगदी मागची रांग मिळाली, व्यासपीठावरच्या सगळ्या पोरी एकसारखे झगे घातलेल्या, मला एकीचाही चेहरा ओळखू येईना. साडूंनी माझा हात धरला आणि म्हणाले, "डावीकडून चौथी. केस बांधलेत बघ आज." ती तीच होती. थेंब एक दिवसही चुकले नव्हते, आणि राहिलेली नजर राहिली.